आधी तिथी, मग घाट, मग किनारा: सातारा-सांगलीहून कोकणात जाताना

"कोकण काय, घाट उतरला की आलं," हे वाक्य कराडपासून मिरजेपर्यंत घरोघरी ऐकू येतं. अंतराच्या बाबतीत ते खोटंही नाही, पण सहली बिघडतात त्या याच वाक्यापायी. साताऱ्याहून पुण्याचे ११० किलोमीटर दोन-सव्वादोन तासांत उरकायची सवय असते. तोच हिशोब गुहागरच्या १९० किलोमीटरना लावला, की दुपारचं जेवण समुद्रावर घ्यायचं ठरतं आणि प्रत्यक्षात ते चिपळूणच्या अलीकडे कुठेतरी वडापाववर भागतं. घाट आणि कोकणातले आतले रस्ते धरले तर ताशी ३५-४० च्या वर सरासरी पडत नाही. म्हणून किनारा शेवटी निवडा. आधी घाट ठरवा, आणि घाटाच्याही आधी तिथी बघा.

तिथीची पाऊणपट

भरती-ओहोटीचा तक्ता मोबाईलवर मिळतो, पण किनाऱ्यावर रेंज असेलच असं नाही. त्यापेक्षा जुना हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा-बारा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं, पण सहल आखायला एवढं पुरतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून मागच्या महिन्यात गेलेल्या मेहुण्याने सांगितलेली वेळ यावेळी उपयोगाची नाही.

याचा उपयोग काय, तर पौर्णिमेला गेलात की संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. सूर्यास्ताला किनारा लांब-रुंद, वाळू घट्ट आणि सपाट. चालायला, क्रिकेटला, शिंपले वेचायला याहून चांगली संध्याकाळ नाही, पण पोहायला तीच वेळ वाईट, कारण पाणी मागे ओढत असतं. त्या दिवशी पाण्यात जायचं ते सकाळी आठ ते साडेदहा, पाणी चढत असताना. दशमी-एकादशीला उलटं होतं. दुपारी दोन-अडीचला ओहोटी, तिथून पाणी चढत जातं, म्हणून चार-साडेचारला उतरायला हरकत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी. पोरंबाळं घेऊन जाणाऱ्यांनी शक्यतो हेच दिवस धरावेत. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाणाचे.

अंगारकीला सातारा-सांगली-कोल्हापूरकडची गर्दी गणपतीपुळ्याला लोटते. वद्य चतुर्थी, म्हणजे भरती दुपारी तीनला. दर्शनाची रांग आणि जेवण आटोपून माणसं चारच्या सुमारास पाण्यात उतरतात, आणि नेमकी तेव्हाच ओहोटी लागलेली असते. तिथला किनारा मुळात उतरता आहे, चार पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला येतं. अंगारकीला दर्शन घ्या, डोंगराची प्रदक्षिणा करा, मालगुंडला जाऊन केशवसुतांचं स्मारक बघा. समुद्र मात्र लांबूनच.

कुठल्या घाटाने कुठे

साताऱ्याहून आणि कराडहून सरळ वाट कुंभार्ली घाटाची: कराड, पाटण, कोयनानगर, हेळवाक, घाट उतरून पोफळी, मग चिपळूण. चिपळूणहून गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास. साताऱ्याहून पहाटे पाचला निघालात तर नाश्ता पाटणला आणि दुपारच्या आत गुहागर. गुहागरचा किनारा पाच-सहा किलोमीटर सलग, मागे सुरूची बनं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. किनारा आणि गाव यांत अंतर जवळपास नाहीच. घरच्यांसोबत पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही हाच किनारा सुचवू.

दापोलीकडे, म्हणजे हर्णे, मुरूड, कर्दे, आंजर्ले इथे जायचं तर महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. शनिवार-रविवारी वाई-पाचगणीच्या रांगेत दीड तास घालवण्यापेक्षा साताऱ्याहून मेढा, केळघर मार्गे महाबळेश्वर गाठावं. आंबेनळी अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत. अंधारात आणि पावसाळ्यात तो टाळलेलाच बरा. मंडणगड तालुक्यातलं वेळास याच वाटेने. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात सोडतात, पहाटे आणि संध्याकाळी. गावातल्या घरांमध्येच राहायची सोय असते. पिल्लं त्या दिवशी अंड्यांतून बाहेर येतीलच असं नाही. दोन मुक्काम ठेवले तर दिसण्याची शक्यता वाढते. फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही.

सांगली-मिरजेकडच्यांना रत्नागिरीसाठी आंबा घाट. कोल्हापूरला जाऊन वळायची गरज नाही. इस्लामपूर (आता ईश्वरपूर), शिराळा, कोकरूड, मलकापूर असंही जाता येतं, आणि शिराळा-वाळवा भागातल्यांना तेच सोयीचं. घाट उतरल्यावर साखरपा, पाली, हातखंबा. ज्यांना फक्त गणपतीपुळे करायचंय त्यांनी हातखंब्याहून निवळीला जाऊन तिथून आत वळावं. वेळ हाताशी असेल तर रत्नागिरीतून आरे-वारेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जावं. तो रस्ता म्हणजेच अर्धी सहल. मालवण-तारकर्लीसाठी कोल्हापूरहून दोन वाटा: गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने कणकवलीला. सांगलीहून मालवण सहा तास धरा. वेंगुर्ला-शिरोड्याकडे जायचं असेल तर निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. घाटांत रुंदीकरणाची कामं आणि पावसाळ्यात दरडी यांमुळे वाट अचानक बंद होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या मालकालाच विचारा. त्याला कालच आलेल्या पाहुण्याकडून खरी खबर असते.

तीन दिवस असतील तर गेल्या वाटेने परत येऊ नका. कुंभार्लीने उतरा, पहिला मुक्काम गुहागर. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला जा, तिथून गाडीसकट फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगड, आणि पुढे गणपतीपुळे. खाडीला वळसा घालून जायचे बरेच तास त्यात वाचतात. तिसऱ्या दिवशी रत्नागिरी, मग आंबा घाट चढून मलकापूर-कोकरूडमार्गे कराड किंवा सांगली. हेदवीला दशभुजा गणेशाचं देऊळ आहे, आणि जवळच्या किनाऱ्यावर खडकातली अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट त्या चिरेत घुसते आणि पाणी उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल, आणि एवढ्यासाठी आणलं का, असं घरचे विचारतील. इथेही तिथीचा हिशोब कामी येतो. कडेचा खडक शेवाळलेला असतो, चप्पल घालून काठावर उभं राहून फोटो काढू नये.

फेरीबोटीत चढताना गाडीतली माणसं खाली उतरवा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. शेवटची फेरी किती वाजता, हे सकाळीच विचारून घ्या. दापोलीकडून गुहागरला येणाऱ्यांसाठी दाभोळ-धोपावे अशीच फेरी आहे.

घाट उतरताना न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायची खोड अजून जात नाही. सतत ब्रेकवर पाय राहिला की ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणावर लागत नाहीत. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा मॅन्युअल मोड असतो, तो याचसाठी. मुलांना गाडी लागत असेल तर घाटाआधी मिसळ नको. कोरडी बिस्किटं किंवा चुरमुरे द्या आणि गोळी घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी, डॉक्टरांना विचारलेल्या मात्रेत.

गाडी नसेल तर एसटी आहेच. सातारा, कराड, सांगलीहून चिपळूण, रत्नागिरीकडे गाड्या जातात. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. चार जणींचा गट असेल तर एसटी आणि पुढे रिक्षा हा हिशोब गाडीच्या पेट्रोलपेक्षा कमी भरतो. कोकण रेल्वे मात्र आपल्या उपयोगाची नाही, कारण ती घाटाखालून धावते आणि कराड-चिपळूण रूळच नाहीत.

मुक्काम आणि ताट

एमटीडीसीची निवासस्थानं गणपतीपुळे, तारकर्ली इथे आहेत, जागा मोक्याच्या. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यासाठी दोन महिने आधी बघावं लागतं. खासगी रिसॉर्ट आणि घरगुती मुक्काम यांत आमचं मत घरगुतीकडे झुकतं, कारण जेवण. पण गणपतीत आणि शिमग्यात घरमालक स्वतःच्याच पाहुण्यांत गुंतलेले असतात, तेव्हा जाऊ नये.

फोनवर "सी-व्ह्यू आहे का" एवढंच विचारलं जातं. त्यापेक्षा हे विचारा: किनारा चालत किती मिनिटं, आणि मध्ये डांबरी रस्ता ओलांडावा लागतो का? वीज गेली तर पंखा चालतो का? आंघोळीचं पाणी विहिरीचं की मचूळ? मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि केस चिकट राहतात. अंगाची वाळू धुवायला बाहेर नळ आहे का? आणि रोख लागते की ऑनलाइन चालतं? चिपळूण किंवा रत्नागिरीत पेट्रोल भरून थोडी रोकड काढून घ्यावी. पुढे पंप विरळ आहेत.

जेवण आधी सांगावं लागतं, हे आपल्याकडच्यांना पचत नाही. घाटावर ढाब्यावर बसलं की वीस मिनिटांत थाळी येते. खानावळीत मासे माणशी मोजून सकाळी आणतात, उकडीचे मोदकही सांगितले तेवढेच होतात. दुपारचं जेवण सकाळी नऊच्या आत, रात्रीचं चारच्या आत सांगा. दोन वाजता बारा जण दारात उभे राहिलात तर उरलेला बांगडा आणि डाळ मिळेल, त्यात दोष कुणाचाच नाही. सुरमई-पापलेटाचा भाव रोज बदलतो, म्हणून थाळीत कोणता मासा आणि केवढी तुकडी हे आधी ठरवा. मुलांना काटे काढता येत नसतील तर सुरमई किंवा कोळंबी, आणि चवीला खरे असाल तर बांगडा, सौंदाळा, तिसऱ्या. झणझणीत तांबड्याची जीभ घेऊन गेलात तर मालवणी कालवण पहिल्या घासाला सौम्य लागेल. त्यात खोबरं, तिरफळ आणि कोकम असतं, वरून तिखट मागून ते बिघडवू नका.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हाचा "ताजा" मासा बर्फातला किंवा खाडीचा. हर्णे बंदरावर संध्याकाळी बोटी लागल्यावर लिलाव चालतो. घ्यायचं नसलं तरी बघण्यासारखा. घेताना कल्ला उचलून बघा, लाल हवा. बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून यायला हवा.

पाण्यात उतरताना

वाईच्या घाटावरून नाहीतर सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेत उड्या मारून शिकलेला पोहणारा समुद्रात जास्त फसतो. नदीची धार एका दिशेला असते, तिरकं कापत गेलं की काठ मिळतो. समुद्राचं तसं नाही. तो आत ढकलतो, बाहेर ओढतो, आणि तासाभरात वेगळा होतो. शिवाय खाऱ्या पाण्यात अंग हलकं तरंगतं, त्यामुळे आपण आहोत त्यापेक्षा चांगले पोहतो असं वाटायला लागतं.

उतरण्यापूर्वी जरा उंचावर उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. सगळीकडे लाटा फुटून पांढरा फेस येतोय आणि मधला दहा-पंधरा मीटरचा एक पट्टा शांत, थोडा गडद किंवा गढूळ दिसतोय, लाट तिथे फुटतच नाही. अनोळखी माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच जातो, शांत आहे म्हणून. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायची वाट ती. तिथे वाळू खोल गेलेली असते आणि ओढ सगळ्यात जास्त असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दोन मिनिटांत दम संपतो. उताणं तरंगत राहा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर, फेस दिसतोय त्या बाजूला सरका. ओढीचा पट्टा रुंद नसतो. बाहेर पडल्यावर लाटाच तुम्हाला काठाला आणतात.

दुसऱ्याला वाचवायला उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. पाच लिटरचा रिकामा पाण्याचा कॅन, झाकण घट्ट लावलेला, आणि त्याच्या कानाला वीस मीटर नायलॉन दोरी, एवढं गाडीत ठेवा आणि पाण्याशी जाताना सोबत न्या. वजन काही नाही, आणि फेकला तर मोठ्या माणसालाही धरून तरंगता येतं. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. दारू घेतलेल्या माणसाला पाण्यात जाऊ न देणं हे गटातल्या एकाने आधीच अंगावर घ्यावं.

उथळ पाण्यात पाय उचलून नव्हे, घासत चाला. वाळूत पाकट बसलेलं असतं, पाय घासत आला की ते आधीच निघून जातं, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. जेलीफिश लागली तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना.

गाडी वाळूत रुतली तर

बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला मनाई आहे, तरी दर सुट्टीत कुणाची तरी रुततेच. रुतली की ॲक्सिलरेटर दाबणं आधी थांबवा, चाक जितकं फिरेल तितकं खाली जातं. सगळ्यांना उतरवा. लहान गाड्यांत बहुधा पुढची चाकं ओढतात, त्यांच्या मागची वाळू हाताने उतरती करून काढा, पोटाला टेकलेली वाळूही. मग हवा कमी करा, ३२ असेल तर १६-१८ पर्यंत. टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. पायपुसणी घालू नका, ती फाटून मागे उडतात. नारळाच्या झावळ्या किंवा भिजवलेली पोती चाकामागे दाबून बसवा. रिव्हर्समध्ये, हळूच, आलेल्या चाकोरीतूनच मागे या. दोन प्रयत्नांत निघाली नाही आणि भरती चढत असेल तर अजून प्रयोग नको, गावातून ट्रॅक्टर बोलवा. जॅकच्या पिशवीत एक आटे असलेला हूक असतो, तो बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवायचा आणि दोर त्यालाच बांधायचा, बंपरला नव्हे. निघाल्यावर हवा भरेपर्यंत सावकाश चालवा, आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा.

तारकर्ली-मालवण

पाण्यातले खेळ आणि स्कूबा यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद. सकाळची वेळ घ्या. दुपारनंतर वारा उठतो, पाणी हलतं आणि खालचं गढूळ होतं. पर्यटकांची स्कूबा उथळ पाण्यात असते, प्रशिक्षित माणूस सिलिंडर धरून सोबत असतो, पोहता यायची गरज नाही. पण कान मोकळा करता यायला हवा: नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच फुंकायचं. हे घरीच करून बघा. सर्दी असेल तर कान उघडत नाही आणि मीटरभर खालीच कळ येते, तेव्हा पैसे गेले तरी चालतील, वर या. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर जाऊच नये. मास्कखाली चष्मा बसत नाही. दोन तास आधी जड खाऊ नका. कुठल्याही बोटीत लाइफ जॅकेट नुसतं अंगावर टाकून भागत नाही, सगळे पट्टे आवळा. लहान मुलाला मोठ्या मापाचं दिलं तर बदलून मागा, पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं.

सिंधुदुर्ग किल्ल्याला मालवणच्या जेट्टीवरून होड्या जातात. परतीची वेळ ठरलेली असते, तिकीट जपून ठेवा. १६६४ साली पायाभरणी झालेल्या या ४८ एकरांच्या किल्ल्यात शिवराजेश्वर मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि भर समुद्रात गोडं पाणी देणाऱ्या दूधविहीर, साखरविहीर, दहीविहीर बघायच्या तर तटावर फोटोत वेळ घालवू नका.

परतताना

घाट उजेडात चढायचा, म्हणजे दुपारी दोनच्या आत किनारा सोडायचा. हिवाळ्यात आंबा घाटाच्या माथ्यावर आणि गगनबावड्याला धुकं लवकर उतरतं.

आगळ आणि कोकम सरबत यांत गल्लत करू नका. आगळ म्हणजे कोकमाचा खारट रस, सोलकढीसाठी. सरबतात साखर असते. आंबा एप्रिल-मेमध्ये घ्या, रंगावर जाऊ नका, देठाशी वास बघा, आणि पेटी रस्त्यावर घेत असाल तर खालचा थर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सुकट, सोडे, बोंबील घेतलेत तर दुकानदाराकडून दोन पिशव्यांत गाठ मारून घ्या, वरून वर्तमानपत्र, मग झाकणाचा डबा, आणि डबा डिकीत. मागच्या सीटखाली ठेवलात तर कोयनानगरपर्यंत काचा खाली करून बसावं लागेल, आणि तो वास पुढच्या पौर्णिमेपर्यंत गाडीतून जात नाही.